विश्लेषण : जहाज सुटण्याआधीच ‘मस्टर ड्रिल’ का घेतात? एका दुर्घटनेने क्रूझचा नियम कसा बदलला?

क्रूझवर पाऊल ठेवले की प्रवाशांना तीन गोष्टींची घाई असते. केबिन पाहायची, वरच्या डेकवर जाऊन फोटो काढायचे आणि बुफे गाठायचा. नेमक्या त्याच वेळी ध्वनिक्षेपकावरून सूचना येते की हातातले काम सोडा आणि ठरलेल्या जागी जमा व्हा. मग भोंगे वाजतात, कर्मचारी लाइफ जॅकेट घालून दाखवतात, नावे तपासली जातात. अनेकांना हा अर्धा तास सुट्टीतला वाया गेलेला वेळ वाटतो. मात्र हा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच झाला पाहिजे, हा आंतरराष्ट्रीय नियम फार जुना नाही. तो १ जानेवारी २०१५ पासून लागू झाला. त्याआधी या सरावासाठी २४ तासांची मुभा होती. ती मुभा का काढून टाकली, या सरावातून नेमके काय साधते आणि आता मोबाइलवर होणारा सराव पुरेसा आहे का, याविषयी...

मस्टर ड्रिल म्हणजे काय?

‘मस्टर’ हा शब्द मराठी माणसाला कार्यालयातल्या हजेरीपटामुळे ओळखीचा आहे. जहाजावरही त्याचा अर्थ जवळपास तोच आहे. संकटाच्या वेळी प्रत्येक प्रवाशाने एका ठरावीक ठिकाणी पोहोचायचे आणि तिथे त्याची हजेरी लागायची. या ठिकाणाला मस्टर स्टेशन म्हणतात. ते उघड्या डेकवर लाइफबोटीच्या खाली असू शकते किंवा जहाजातील नाट्यगृह, उपाहारगृह अशा मोठ्या दालनात असू शकते. प्रवाशाचे मस्टर स्टेशन कोणते, हे त्याच्या केबिनच्या कार्डावर आणि केबिनच्या दाराच्या मागे लावलेल्या फलकावर लिहिलेले असते.

संकटाचा इशाराही जगभर एकच आहे. सात किंवा त्याहून अधिक वेळा छोटा भोंगा आणि त्यानंतर एक लांब भोंगा. जहाज कोणत्याही देशाचे असो, कर्मचारी कोणतीही भाषा बोलणारे असोत, हा इशारा बदलत नाही. सरावाच्या वेळी तो मुद्दाम वाजवला जातो. प्रवाशाने तो एकदा कानाने ऐकलेला असावा, हा त्यामागचा हेतू असतो.

नियम कोण ठरवते?

समुद्रातील सुरक्षेचे मूळ नियम ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारात आहेत. संयुक्त राष्ट्रांची आंतरराष्ट्रीय सागरी संघटना म्हणजे आयएमओ त्यात वेळोवेळी दुरुस्त्या करते. हा करार प्रथम १९१४ मध्ये झाला. त्याला कारण होते १५ एप्रिल १९१२ रोजी बुडालेले टायटॅनिक. त्या जहाजावर सुमारे २,२०० माणसे होती आणि २० लाइफबोटींत मिळून जागा होती १,१७८ जणांची. हा आकडा बहुतेकांना माहीत असतो. दुसरी बाब तितकी चर्चेत येत नाही. ज्या जागा होत्या, त्याही भरल्या नाहीत. ६५ जणांची क्षमता असलेली पहिली बोट ३०हून कमी माणसे घेऊन खाली उतरली. एकूण चारशेहून अधिक जागा रिकाम्या राहिल्या. म्हणजे बोटी कमी होत्या हे खरेच, पण माणसांना बोटींपर्यंत आणून त्यांत बसवण्याची घडीही बसलेली नव्हती.

आज लागू असलेला सोलास करार १९७४चा आहे. त्याच्या तिसऱ्या प्रकरणात जीवरक्षक साधने आणि सरावांचे नियम दिलेले आहेत. जहाज ज्या देशात नोंदलेले असते त्या देशाने ते पाळून घ्यायचे असतात आणि जहाज ज्या बंदरात येते तेथील यंत्रणाही तपासणी करू शकते.

१३ जानेवारी २०१२ रोजी काय घडले?

‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे सुमारे २९० मीटर लांबीचे इटालियन क्रूझ जहाज त्या संध्याकाळी रोमजवळच्या चिवितावेक्किया बंदरातून सावोनाकडे निघाले. जहाजावर ४,२२९ जण होते. समुद्र शांत होता. रात्री सुमारे ९.४५ वाजता जिल्यो बेटाच्या अगदी जवळून जाताना जहाज खडकावर घासले. डाव्या बाजूला सुमारे ५३ मीटर लांबीची चीर पडली, इंजिनांच्या भागात पाणी शिरले आणि वीज गेली.

त्यानंतर प्रवाशांना सांगण्यात आले की विजेत बिघाड झाला आहे. काही ठिकाणी प्रवाशांना केबिनमध्ये परत जाण्यास सांगितले गेले. संकटाचा भोंगा वाजला तो रात्री १०.३३च्या सुमारास आणि जहाज सोडण्याचा आदेश आला १०.५४ वाजता. म्हणजे धडक आणि भोंगा यांच्यात सुमारे ४८ मिनिटे गेली, तर धडक आणि आदेश यांच्यात ६९ मिनिटे. तोपर्यंत जहाज उजव्या बाजूला कलू लागले होते. कलंडलेल्या जहाजाच्या वर उचलल्या गेलेल्या बाजूकडील लाइफबोटी खाली सोडणे कठीण होते, कारण त्या जहाजाच्या अंगाला घासतात आणि अडकतात. जहाज रिकामे करण्यास सहा तासांहून अधिक वेळ लागला. किनारा अगदी जवळ असूनही ३२ जणांचा मृत्यू झाला.

मृतांमध्ये मुंबई परिसरातील एक भारतीय वेटरही होता. त्याचे अवशेष सर्वांत शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, जेनोआ येथे जहाज तोडले जात असताना सापडले. जहाजाचा कॅप्टन फ्रान्सेस्को स्केत्तिनो याला सदोष मनुष्यवध, जहाज बुडण्यास कारणीभूत ठरणे आणि प्रवासी जहाजावर असताना जहाज सोडणे या आरोपांखाली १६ वर्षांची शिक्षा झाली. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने ती २०१७ मध्ये कायम ठेवली.

२४ तासांची मुभा का होती आणि ती कशी गेली?

कोस्टा कॉन्कॉर्डिया भूमध्य समुद्रात वर्तुळाकार सफर करीत असे. अशा सफरीत प्रवासी एकाच बंदरात चढत नाहीत. आज एका बंदरात काही शे प्रवासी चढतात, त्यांची सफर आठवड्याने तिथेच संपते. उद्या दुसऱ्या बंदरात आणखी काही शे चढतात. जुन्या नियमानुसार नव्या प्रवाशांचा सराव ते चढल्यापासून २४ तासांच्या आत घ्यायचा होता. त्यामुळे कंपन्यांना सरावाची वेळ सोयीने ठरवता येत होती. सकाळी, सगळे निवांत असताना सराव घेणे सोपेही होते.

त्या संध्याकाळी चिवितावेक्कियात सहाशेहून अधिक प्रवासी चढले होते. त्यांचा सराव दुसऱ्या दिवशी होणार होता. जहाज खडकावर आदळले तेव्हा त्यांना जहाजावर येऊन काही तासच झाले होते. मस्टर स्टेशन कुठे आहे, भोंगा कसा वाजतो, लाइफ जॅकेट कुठे मिळेल, हे त्यांना कोणी दाखवलेले नव्हते.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सराव झाला नव्हता म्हणून जहाज बुडाले नाही. दुर्घटनेला बेटाच्या फार जवळून नेलेला मार्ग कारणीभूत होता आणि जीवितहानीत आदेशाला झालेल्या उशिराचा मोठा वाटा होता. शिवाय सराव दुसऱ्या दिवशी ठेवून कंपनीने त्या वेळचा नियम मोडलाही नव्हता. दोष नियमात होता. पहिल्या २४ तासांत अपघात होणार नाही, असे त्या नियमाने जणू गृहीत धरले होते.

ही फट लगेच लक्षात आली. फेब्रुवारी २०१२ मध्येच क्रूझ कंपन्यांच्या संघटनांनी जहाज बंदर सोडण्यापूर्वी सराव घेण्याचे धोरण स्वतःहून जाहीर केले. जून २०१३ मध्ये आयएमओने सोलासमध्ये दुरुस्ती मंजूर केली आणि १ जानेवारी २०१५ पासून ती बंधनकारक झाली. ज्या सफरीत प्रवासी २४ तासांहून अधिक काळ जहाजावर राहणार आहेत, तिथे नव्याने चढलेल्या प्रवाशांचा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच झाला पाहिजे, असा आता नियम आहे.

लाइफबोटी सर्वांना पुरतात का?

हिशेब करून पाहता येईल. समजा एका क्रूझवर प्रवासी आणि कर्मचारी मिळून ४,००० जण आहेत. आंतरराष्ट्रीय सफरीवरील प्रवासी जहाजासाठी मूळ नियम असा की प्रत्येक बाजूला एकूण माणसांच्या निम्म्या, म्हणजे २,००० जणांसाठी लाइफबोटी हव्यात. त्यातील काही वाटा हवेने फुगणाऱ्या लाइफ राफ्टवर टाकता येतो, पण लाइफबोटींची क्षमता प्रत्येक बाजूला ३७.५ टक्क्यांच्या, म्हणजे १,५०० जणांच्या खाली जाता कामा नये. याशिवाय एकूण माणसांच्या २५ टक्के, म्हणजे १,००० जणांसाठी जादा राफ्ट हव्यातच. थोडक्यात, ४,००० माणसांसाठी किमान ५,००० जागा.

लाइफ जॅकेटचेही असेच आहे. प्रत्येक माणसामागे एक, मुलांसाठी वेगळ्या मापाची आणि याखेरीज ५ टक्के जादा जॅकेट डेकवर किंवा मस्टर स्टेशनवर ठेवायची असतात. केबिनपर्यंत परत जाता आले नाही तर ती उपयोगी पडतात.

म्हणजे टायटॅनिकच्या काळातला तुटवड्याचा प्रश्न कागदावर तरी सुटला आहे. पण तेव्हाचा दुसरा प्रश्न तसाच आहे. हजारो माणसांनी त्या जागांपर्यंत वेळेत पोहोचायचे कसे?

जहाज रिकामे करण्यास किती वेळ लागतो?

मोठ्या क्रूझ जहाजाचे आगीपासून बचावासाठी उभे विभाग पाडलेले असतात. एका विभागातील आग दुसऱ्यात जाऊ नये म्हणून मध्ये अग्निरोधक भिंती असतात. जहाजाचा आराखडा तयार होतानाच संगणकावर हिशेब केला जातो की माणसे केबिनमध्ये झोपलेली असताना आणि दिवसा दालनांत विखुरलेली असताना ती बाहेर पडण्यास किती वेळ घेतील. आयएमओच्या मार्गदर्शक सूचनांनुसार असे तीनपर्यंत विभाग असलेल्या जहाजासाठी ही मर्यादा ६० मिनिटांची आणि तीनपेक्षा अधिक विभाग असलेल्या मोठ्या जहाजासाठी ८० मिनिटांची आहे. त्यातील शेवटचा टप्पा स्वतंत्रपणे बांधलेला आहे. सर्व जण लाइफ जॅकेट घालून जमा झाल्यावर जहाज सोडण्याचा आदेश मिळाल्यापासून ३० मिनिटांत सर्व बोटी आणि राफ्ट माणसांसह खाली सोडता आल्या पाहिजेत.

या वाक्यातला ‘सर्व जण जमा झाल्यावर’ हा भाग महत्त्वाचा आहे. तीस मिनिटांचे घड्याळ त्यानंतर सुरू होते. जमा होण्यासाठी किती वेळ लागेल हे जिने, वाटा, कर्मचारी आणि प्रवासी या सगळ्यांवर अवलंबून असते. संगणकातील प्रवासी नेमून दिलेल्या वाटेने चालतो. खरा प्रवासी आधी नवऱ्याला किंवा बायकोला शोधतो, मुलाला आणायला खालच्या मजल्यावर जातो, पासपोर्ट घेण्यासाठी केबिनकडे वळतो आणि ज्या जिन्याने आला होता त्याच जिन्याकडे धावतो. प्रत्येकाची अशी पाचदहा मिनिटे गेली आणि त्यात उलट दिशेने येणाऱ्यांची गर्दी जिन्यावर मिळाली, तर संपूर्ण हिशेब कोलमडतो.

लाइफ जॅकेट घालणे इतके अवघड आहे का?

याचे उत्तर जॅकेटच्या मानकातच सापडते. प्रौढांचे लाइफ जॅकेट मंजूर होण्यासाठी चाचणी घेतली जाते. ज्यांनी ते जॅकेट कधीच पाहिलेले नाही अशा लोकांपैकी किमान ७५ टक्के लोकांना कोणाच्याही मदतीशिवाय ते एका मिनिटात नीट घालता आले पाहिजे. आणि एकदा प्रात्यक्षिक दाखवल्यानंतर सर्वच्या सर्व लोकांना ते एका मिनिटात घालता आले पाहिजे.

म्हणजे चांगल्या, मंजूर झालेल्या जॅकेटच्या बाबतीतही चारातला एक जण पहिल्यांदा चुकेल, हे मानकाला मान्य आहे. ही चाचणीही उजेडात आणि स्थिर जमिनीवर होते. अंधारात, तिरप्या झालेल्या मजल्यावर आणि घाबरलेल्या गर्दीत तो आकडा काय राहील, याची कल्पना करता येईल. दुसरीकडे, एकदा दाखवले की हा आकडा शंभरावर जाणे अपेक्षित आहे. पंचवीस टक्क्यांची ही दरी भरून काढण्याचे काम काही मिनिटांचे प्रात्यक्षिक करते. तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण या सरावाला चपखल लागू पडते.

जमा होणे म्हणजे जहाज सोडणे का?

नाही आणि हा सर्वसाधारण गैरसमज आहे. मस्टर स्टेशनवर बोलावले म्हणजे जहाज बुडते आहे असे नव्हे. समुद्रात जहाज हीच शक्यतो सर्वांत सुरक्षित जागा मानली जाते. भर समुद्रात, वादळात हजारो माणसांना छोट्या बोटींत उतरवणे हे शेवटचे पाऊल असते. जुलै २०१० नंतर बांधणी सुरू झालेल्या मोठ्या प्रवासी जहाजांना तर ठरावीक मर्यादेपर्यंत आग लागल्यावर किंवा पाणी शिरल्यावरही स्वतःच्या बळावर बंदर गाठता आले पाहिजे, अशी अट आहे.

‘व्हायकिंग स्काय’चे उदाहरण यासाठी पाहता येईल. २३ मार्च २०१९ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ वादळात या जहाजाची इंजिने बंद पडली. जहाजावर १,३७३ जण होते आणि जहाज खडकाळ किनाऱ्याकडे ढकलले जात होते. प्रवाशांना लाइफ जॅकेट घालून मस्टर स्टेशनवर जमवण्यात आले. समुद्र इतका खवळलेला होता की लाइफबोटी वापरणे धोक्याचे होते. त्यामुळे हेलिकॉप्टरने एकेकाला उचलण्यास सुरुवात झाली आणि ४७९ जणांना त्या मार्गाने बाहेर काढले गेले. दरम्यान इंजिने पुन्हा सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी जहाज उरलेल्यांना घेऊन मोल्डे बंदरात पोहोचले. कोणाचाही मृत्यू झाला नाही. अशा वेळी कोण कुठे आहे, कोणाला उचलले, कोण राहिले, हे कळण्यासाठी माणसे एका जागी आणि मोजलेली असणे आवश्यक असते.

कर्मचाऱ्यांचा सराव कसा असतो?

प्रवाशांना दिसतो तो सरावाचा छोटा भाग असतो. प्रवासी जहाजावर जहाज सोडण्याचा आणि आगीचा सराव दर आठवड्याला घ्यावा लागतो. प्रत्येक कर्मचाऱ्याने महिन्यातून किमान एकदा या दोन्ही सरावांत भाग घेतला पाहिजे. एखाद्या बंदरात कर्मचारी बदलले आणि २५ टक्क्यांहून अधिक जणांनी त्या जहाजावर आदल्या महिन्यात सराव केलेला नसेल, तर बंदर सोडल्यापासून २४ तासांत सराव घेणे बंधनकारक आहे.

क्रूझवरचा वेटर, केबिन साफ करणारा, दुकानात बसणारा, गाणे गाणारा या सर्वांची नावे संकटकाळच्या कामांच्या यादीत असतात. कोणी जिन्यावर उभे राहून गर्दीला दिशा द्यायची, कोणी केबिन तपासायच्या, कोणी बोटीत घोंगड्या पोहोचवायच्या, हे आधीच नेमून दिलेले असते. गोवा, वसई आणि कोकणातील अनेक तरुण अशा जहाजांवर नोकरी करतात. त्यांना कामावर रुजू होण्यापूर्वी मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण घ्यावे लागते आणि प्रवाशांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्यांना गर्दी हाताळण्याचेही प्रशिक्षण असते. संध्याकाळी जेवण वाढणारी व्यक्तीच संकटात प्रवाशाला बोटीपर्यंत नेणार असते.

हा सराव जोखमीचाही असतो. १० फेब्रुवारी २०१३ रोजी स्पेनच्या ला पाल्मा बेटावर ‘थॉमसन मॅजेस्टी’ या क्रूझवर सराव सुरू असताना लाइफबोटीचा तारदोर तुटला आणि बोट पाण्यात कोसळली. त्यात पाच कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला. बोट पेलणारे दोर जास्तीत जास्त पाच वर्षांनी बदलावेच लागतात आणि ती मुदत येण्याआधीही त्यांची तपासणी करावी लागते, ती याच धोक्यामुळे.

मोबाइलवरचे ‘ई-मस्टर’ पुरेसे आहे का?

करोनाकाळात शेकडो माणसांना एका दालनात जमवणे अशक्य झाले. जुलै २०२० मध्ये रॉयल कॅरिबियन कंपनीने सरावाची नवी पद्धत जाहीर केली आणि पाठोपाठ इतर कंपन्यांनीही असेच पर्याय आणले. यात प्रवासी मोबाइल ॲपवर किंवा केबिनमधील टीव्हीवर सुरक्षेची चित्रफीत पाहतो. नंतर सोयीच्या वेळी आपल्या मस्टर स्टेशनवर जातो. तिथला कर्मचारी त्याचे कार्ड स्कॅन करतो आणि हजेरी लागते. साथ ओसरल्यावरही अनेक कंपन्यांनी ही पद्धत ठेवली, तर काहींनी सर्वांना एकाच वेळी बोलावण्याची जुनी पद्धत कायम राखली.

नव्या पद्धतीचे फायदे आहेत. गर्दी होत नाही, वृद्धांना ताटकळत उभे राहावे लागत नाही आणि कर्मचाऱ्याला एकेका कुटुंबाशी बोलता येते. प्रत्येकाची नोंद डिजिटल असल्याने कोण आले नाही हे लगेच दिसते. मागच्या रांगेत उभे राहून गप्पा मारणाऱ्या प्रवाशापेक्षा स्वतः चालत जाऊन जागा पाहिलेला प्रवासी अधिक शिकतो, असाही युक्तिवाद आहे.

मात्र काही गोष्टी या पद्धतीत निसटतात. चित्रफीत आवाज बंद करूनही चालवता येते. चढल्याबरोबर पाहिलेली जागा आणि भोंगा ऐकून, बाकी सर्वांसोबत गाठलेली जागा यांत फरक असतो. हजार माणसे एकाच वेळी निघाली की कोणता जिना तुंबतो, हे एकेकट्याने जाऊन कळत नाही, प्रवाशालाही आणि कर्मचाऱ्यांनाही.

सोलासनेही इथे एक रेषा आखली आहे. नवे प्रवासी चढले की जहाज सुटण्याच्या लगेच आधी किंवा नंतर सुरक्षेची घोषणा ध्वनिक्षेपकावरून व्हायलाच हवी आणि ती प्रवाशांना समजण्याची शक्यता असलेल्या एक किंवा अधिक भाषांत हवी. कार्ड, फलक आणि चित्रफिती या घोषणेला पूरक म्हणून वापरता येतात, तिच्याऐवजी नाही. म्हणून ई-मस्टर असलेल्या जहाजावरही भोंगा आणि घोषणा ऐकू येते. ॲपवर हिरवी खूण मिळाली तरी ती घोषणा लक्ष देऊन ऐकणे प्रवाशाच्या हिताचे आहे.

महाराष्ट्रासाठी हा विषय महत्त्वाचा का?

मुंबई हे देशातील क्रूझ पर्यटनाचे प्रमुख केंद्र होत आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई बंदरातून ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केले. २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. मुंबई–गोवा, मुंबई–लक्षद्वीप अशा सफरींमुळे आयुष्यात प्रथमच मोठ्या जहाजावर चढणाऱ्यांची संख्या वाढली आहे. सोलास मुख्यतः आंतरराष्ट्रीय सफरींना लागू होतो. देशांतर्गत सफरींसाठी भारतीय नियम आणि नौवहन महासंचालनालयाची देखरेख असते. या प्रवाशांना घोषणा समजेल अशा भाषेत ऐकू येणे, हा इथे कळीचा मुद्दा आहे.

मुंबईच्या समुद्राला बोट बुडण्याच्या आठवणी आहेत. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि ६०० हून अधिक जण बुडाले. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला इंजिनाची चाचणी सुरू असलेल्या नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली. त्यात १५ जणांचा मृत्यू झाला. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी होते आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. त्यानंतर या मार्गांवर लाइफ जॅकेटची सक्ती करण्यात आली. तासाभराची फेरी असो की आठवड्याची क्रूझ, आकार आणि नियम वेगळे असले तरी गरज एकच आहे. बोट सुटण्याआधी जॅकेट कुठे आहे आणि जायचे कुठे, हे प्रवाशाला ठाऊक हवे.

प्रवाशाने काय लक्षात ठेवावे?

केबिनमध्ये शिरल्यावर सामान लावण्याआधी दाराच्या मागचा फलक वाचावा आणि मस्टर स्टेशनचा क्रमांक पाठ करावा. लाइफ जॅकेट केबिनमध्ये आहे की मस्टर स्टेशनवर, हे जहाजानुसार बदलते. ते विचारून घ्यावे. लहान मुलांच्या मापाचे जॅकेट केबिनमध्ये नसेल तर मागून घ्यावे. मस्टर स्टेशनपर्यंत एकदा जिन्याने चालत जावे, कारण संकटात लिफ्ट वापरायची नसते. जाताना दुसरी वाट कोणती, हेही पाहून ठेवावे.

मुले खेळघरात असताना भोंगा वाजला तर त्यांना कर्मचारी मस्टर स्टेशनवर आणणार की पालकांनी न्यायचे, ही पद्धत प्रत्येक कंपनीत वेगळी असते. ती पहिल्याच दिवशी विचारावी. घरातील सर्वांनी एकमेकांना शोधत न फिरता थेट मस्टर स्टेशनवर भेटायचे, असे आधीच ठरवून ठेवावे. चालण्यास त्रास होणाऱ्या किंवा ऐकू कमी येणाऱ्या प्रवाशांची माहिती जहाजाला द्यावी. ज्यांना विशेष मदत लागते त्यांची नोंद कॅप्टनकडे असावी असा नियमच आहे, पण न सांगता ती नोंद होणार कशी?

भोंगा वाजल्यावर सामान घेण्यासाठी मागे फिरू नये. उबदार कपडे आणि रोजची औषधे हाताशी असतील तरच घ्यावीत आणि निघावे. सराव चुकवणाऱ्या प्रवाशाला पुन्हा बोलावले जाते आणि तरीही नकार दिल्यास जहाजावरून उतरवलेही जाऊ शकते.

चिवितावेक्कियात चढलेल्या त्या सहाशेहून अधिक प्रवाशांना जहाज नेमून दिलेल्या जागा होत्या, जॅकेट होती, बोटीही होत्या. त्यांना त्या जागा दाखवण्याची वेळ मात्र दुसऱ्या दिवसाची ठरली होती. आज जहाज सुटण्यापूर्वी होणारा अर्ध्या तासाचा खोळंबा त्या एका दिवसाच्या अंतरामुळे आला आहे.